आठ ओळींचा पडदा

तुमच्या तळहातात मावेल असा एक कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर आणा. साध्या बेरीज-वजाबाकीचा नाही; मोठ्या वर्गातली मुलं वापरतात तो, समीकरण दिलं की आलेख काढून दाखवणारा. पडदा काडेपेटीहून थोडा मोठा. एका वेळी आठ ओळी, ओळीत सोळा अक्षरं. आता समजा, त्या एवढ्याशा पडद्यावर इंटरनेटवरचं एक पान उघडलंय. चित्रं नाहीत, रंग नाहीत. आठ ओळी वाचून झाल्या की बाणाचं बटण दाबायचं, मग पुढच्या आठ. दिसलं?

ते पान धाकटीने उघडलं होतं, रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर. कॅल्क्युलेटरला वायरीने एक छोटी हिरवी सर्किटची पट्टी जोडलेली होती. पट्टी घरातलं वायफाय पकडायची आणि पानावरची नुसती अक्षरं पुढे पाठवायची. ती अक्षरं घेऊन पडद्यावर मांडणारा प्रोग्राम मात्र धाकटीने स्वतः लिहिला होता. एकेक बटण दाबून, तीन आठवडे.

बाबांचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं. लोकांच्या फोनची पोटं उघडण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून दोनदा बाण दाबला आणि म्हणाले, "पोरी, हे मला जमलं नसतं."

समोर बसलेल्या ताईने हातातलं पुस्तक थोडं वर धरलं. गणितात पहिली यायची ती ताई. कॅल्क्युलेटरही मूळचा तिचाच. नवा मिळाल्यावर तिने जुना धाकटीला देऊन टाकला होता. पाच वर्षांत तिने पाच बक्षिसं आणली. पाचही वेळा बाबा म्हणाले, "शाब्बास." 'मला जमलं नसतं' असं एकदाही म्हणाले नव्हते.

"ताई, बघ की गं!"

"बघितलं. फोनवर हेच पान एका सेकंदात उघडतं."

"फोनवर उघडतंच. त्यात काय मजा?"

बाबा खो खो हसले. "चल, वरच्या काकांना घेऊन येऊ. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात ना, बघू दे त्यांना."

बॅटरी वाचावी म्हणून धाकटीने कॅल्क्युलेटर बंद केला आणि दोघं जिना चढून गेली.

ताई एकटी उरली. परीक्षेच्या दिवशी बाई रांगेतून फिरत आणि प्रत्येकाला कॅल्क्युलेटरची मेमरी पुसायला लावत. कुणी सूत्रं लपवून आणू नयेत म्हणून. चार बटणं. ताईच्या बोटांना ती पाढ्यासारखी पाठ होती. तिने कॅल्क्युलेटर सुरू केला. तीन बटणं दाबल्यावर पडद्यावर प्रश्न आला. सगळं पुसायचं? एक, नाही. दोन, होय.

जिन्यावरून काकांचा आवाज खाली येत होता.

ताईने दोन दाबलं. कॅल्क्युलेटर बंद करून होता तसा ठेवला आणि पुस्तक उचललं.

काकांनी खुर्ची ओढली. धाकटीने कॅल्क्युलेटर सुरू केला. पडदा कोराच. तिने वायर काढून पुन्हा लावली. पट्टी बंद करून सुरू केली. पडदा कोरा.

"फारच वेगवान दिसतंय," काका म्हणाले. "पान येऊन गेलंसुद्धा! उद्या काय, इस्त्रीवर सिनेमा लावणार का?"

"अहो, चेष्टा नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," बाबा म्हणाले.

धाकटीचे कान लाल झाले होते. तिने प्रोग्रामची यादी उघडली. यादीत काहीच नव्हतं.

"बाबा, प्रोग्रामच गेलाय. बंद करताना मीच काहीतरी दाबलं."

"कुठे उतरवून ठेवला नव्हतास?"

"यातच लिहीत होते. पूर्ण झाला की वहीत उतरवणार होते."

"चालायचंच. मोठ्यामोठ्यांचं होतं असं," असं म्हणत काका उठले आणि निघून गेले.

बाबांनी कॅल्क्युलेटर ताईपुढे सरकवला. "तू बघ गं जरा. तुला कळतं यातलं."

सकाळपासून ताईला हेच ऐकायचं होतं. धाकटीही तिच्याकडेच बघत होती. "ताईला येईल," ती म्हणाली.

ताईने कॅल्क्युलेटर हातात घेतला. एकही बटण दाबलं नाही.

"बिघडला नाहीये," ती म्हणाली. "मी पुसला."

"का?" धाकटीने विचारलं.

 उत्तराची वाट न बघता तिने ताईच्या हातातून कॅल्क्युलेटर ओढून घेतला, खोलीत गेली आणि आतून कडी लावली.  बाबा वायर बोटांभोवती गुंडाळत राहिले.

ताईने वही घेतली आणि बंद दारापाशी जमिनीवर बसली. गेले तीन आठवडे ती धाकटीच्या शेजारी पुस्तक उघडून बसत होती, आणि एक पानही उलटत नव्हती. नुसती त्या बोटांकडे बघत होती. पोरांनो, जो दुसऱ्याला पाण्यात पाहतो, त्याची नजर फार पक्की असते. तिने प्रोग्रामच्या सुरुवातीपासून आठवून आठवून ओळी लिहिल्या. अकरा झाल्या. बारावी काही केल्या आठवेना. तिने पान फाडलं आणि दाराखालून आत सरकवलं.

ती तिथेच बसून राहिली.

मग कागद दाराखालून परत आला. तिसरी ओळ खोडून नीट लिहिली होती, आणि अकरावीच्या खाली, रागाने दाबून लिहिलेल्या अक्षरांत, बारावी.