चष्म्याचा नंबर

विनायकरावांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. सकाळी घरातून निघतानाच बायकोने, सुनंदाबाईंनी बजावलं होतं, "सोपवलं म्हणजे सोपवलं. त्या पोरीच्या कामात नाक खुपसायचं नाही."

रोज केळीचे भाव देणारी वेबसाइट त्यांनी बावीस वर्षं एकट्याने सांभाळली होती. आजपासून निवृत्ती. शनवारा पेठेतल्या त्यांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर बसून त्यांच्या जागी आलेली तृप्ती साइटचं नवं रूप दाखवत होती. देखणं होतं, नाही कशाला म्हणा. पण अक्षरं मुंगीएवढी, त्यात फिकी करडी. आपली म्हातारी मंडळी हे वाचणार कशी, या विचाराने विनायकरावांचा जीव खालीवर होत होता.

"काका, तुमचे अक्षर फारच मोठे होते," तृप्ती म्हणाली. "आजकल इतके मोठे कोणीच नाही ठेवत."

विनायकरावांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात जैनाबादचे केळी बागायतदार सुकलालभाऊ आले. निरोपाचं म्हणून बागेतली केळीची फणी घेऊन आले होते. तृप्तीने हौसेने त्यांच्या फोनवर नवी साइट उघडून दिली. सुकलालभाऊंनी फोन हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, मग दारात उजेडाला नेला.

"लई छान दिसते, बाई," ते म्हणाले. "पण आज भाव नाही लिहेल का?"

भाव समोरच होता. तृप्तीचा चेहरा उतरला. विनायकराव छताकडे बघत केळं सोलत राहिले. मनातून त्यांना उकळ्या फुटत होत्या, त्याची थोडी लाजही वाटत होती.

अक्षरं किती मोठी होती ते बघायला तिने त्यांची जुनी फाइल उघडली. अक्षरांच्या मापाशेजारी त्यांनी स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं:

वय ४३, पहिला चष्मा – सोळा.
वय ५१, नंबर वाढला – अठरा.
वय ५९, मोतीबिंदू – बावीस.

"हे काय, काका?"

"वाचणारे माझ्याच वयाचे," विनायकराव अखेर बोलले. "मला दिसेना झालं की समजायचो, त्यांनाही दिसत नसेल."

तृप्तीने माप बावीस केलं, रंग काळा केला. दारातूनच सुकलालभाऊंनी आजचा भाव खणखणीत वाचून दाखवला.

मग तिने त्या यादीखाली आणखी एक ओळ लिहिली, 'वय ६१, निवृत्त – बावीस', आणि त्याखालची जागा मोकळी सोडली.

"काका, पुढच्या वेळी डोळे तपासले ना, की घरी जायच्या आधी मला फोन करायचा."