दोन नंबरचं दुखणं

"काका, दोन कोड आलेत," गाडीला जोडलेल्या हातातल्या यंत्राकडे बघत मिस्त्री म्हणाला. "एक दुसऱ्या सिलिंडरचा आणि एक चौथ्या, म्हणजे टोकाच्या सिलिंडरचा. ठिणगी नीट पडत नाहीये."

टोकाच्या म्हटल्यावर आजींच्या हातातला चहाचा ट्रे खडखडला.

टोकाची करामत त्यांचीच होती. काल आजोबा आंघोळीला गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडून टोकाच्या सिलिंडरची वायर सैल केली, आणि आज मिस्त्री येणार कळल्यावर घाईघाईने परत दाबून बसवली. वीस वर्षं नवऱ्याच्या हातात पाने-पकडी देत उभं राहिलं की एवढं कुणालाही येतं. पण ह्या मेल्या यंत्राला झालं-गेलं आठवतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

गाडी लाल, दोन सीटची, वयाने नातीच्या दुप्पट. उद्या आजोबा नातीला शेजारी बसवून घाटातून धरणापर्यंत नेणार होते. दहाव्या वाढदिवशी तसा शब्दच दिला होता त्यांनी. आणि त्यांना दिसत किती होतं? गेल्या महिन्यात फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तर म्हणे खांबच वाकडा बांधलाय. परवा शेजाऱ्यांच्या पत्रपेटीला "काय, बरंय ना?" असं विचारून आले. डोळे दाखवून या म्हटलं की एकच उत्तर, "मला सगळं लख्ख दिसतं." पोरीच्या जिवाचा प्रश्न होता, आणि हे ऐकणाऱ्यातले नव्हते. म्हणून आजींनी वायरला हात घातला.

गाडी आचके द्यायला लागली, तर नातीनेच हट्ट धरून मिस्त्रीला बोलावलं. घरचाच भेदी निघाला, म्हणायचं.

"चौथ्याचं काय?" आजोबांनी विचारलं.

"ती जुनी नोंद आहे. आता ठणठणीत चालतोय. खरं दुखणं दोन नंबरचं."

आजींनी ट्रे खाली ठेवला. दोन नंबरशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"आता ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची अदलाबदल करतो," मिस्त्री नातीला म्हणाला. "दोनची तीनवर, तीनची दोनवर. कोड कॉइलबरोबर तीनवर सरकला, तर कॉइल खराब."

त्याने अदलाबदल केली, जुने कोड पुसले आणि गाडी सुरू केली. गाडीने पुन्हा आचके दिले. यंत्र पुन्हा दोनच म्हणालं.

"कॉइल बिचारी निर्दोष आहे." त्याने टॉर्च घेऊन मान आत घातली. "हां, हे बघा. वायर जागेवर धरून ठेवायला इथे छोटीशी राखाडी खिटी असते. तीच नाहीये. वायर वरून बसल्यासारखी दिसते, पण आत टेकत नाही."

"कुठे गेली?" नातीने विचारलं.

"हादऱ्याने पडली असेल रस्त्यात. जुनं प्लास्टिक आहे."

"मग दोऱ्याने बांधा ना."

"घाटात नाही चालायचं, बाळ. चढावर बंद पडली म्हणजे? आणि हिचं सामान आता कुठे मिळतं? शोधतो मी. तोवर गाडी उभी."

आजींचा जीव भांड्यात पडला. देव पाण्यात न ठेवताच पावला होता, आणि तेही त्यांचं नाव कुठेही न येता.

नातीने मात्र तोंड पाडलं. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाइलाज आहे गं. उद्या बसने जाऊ. खिडकी तुझी."

एवढं बोलून त्यांनी आपला चहा संपवला, वर मिस्त्रीची बिस्किटंही खाल्ली. आजींना भरून आलं. जिवापाड जपलेली गाडी बंद पडली, तरी पोरीसाठी माणूस दुःख कसं गिळतो. आपण उगाच इतके दिवस त्यांना हट्टी म्हणत होतो, असं त्यांना वाटलं.

मिस्त्री गेल्यावर नात बसचं वेळापत्रक घेऊन आली. "आजोबा, पहिली बस किती वाजता?"

आजोबांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"थांबा, तुमचा वाचायचा चष्मा आणते," म्हणत आजी आत गेल्या.

"अगं, राहू दे. मी आणतो." मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आजोबा दाराच्या चौकटीला धडकले. "ऐकलंस का? तू नको उघडूस ते."

पण आजींनी चष्म्याचं घर उघडलं होतं. आत, चष्म्याच्या काचेखाली, एक छोटीशी राखाडी खिटी होती.