भाव पडायची खूण

फेब्रुवारी २००१. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या मृत्युंजय अडत्यांनी जवळ नसलेले शेअर विकले. त्यांच्या बायकोला, बसम्माला, ते काही केल्या कळेना.

“घरात न्हाईत, तर इकलं काय तुम्ही?”

“उसनं घिऊन आज इकायचं. भाव पडला की स्वस्तात घिऊन परत करायचं. मधला फरक आपला.”

“पर पडंलच कशावरनं?”

मृत्युंजय हसले. “रविवारी सुष्मिताचा बेंगळूरहून फोन आलता की. तिच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत महिनाभर काम न्हाय, सगळी पोरं कॅरम खेळत बसल्यात म्हनली. यार्डात माल उचलाय गिऱ्हाईक न्हाय, हमाल बसून दिसलं की गुळाचा भाव पडतोच. तीस वर्षांत ही खूण कधी चुकली न्हाय.”

म्हणून त्यांनी लेकीच्याच कंपनीचे शेअर विकले होते.

आठवड्यात भाव निम्म्यावर आला. मृत्युंजय पेढे घेऊन घरी आले, तर बसम्मा फोनपाशी भिंतीला टेकून बसलेली.

“सुष्मिताला कामावरनं काढलं. सामान बांधाय लागलीया.”

पेढ्यांचा पुडा कुठं ठेवावा, हेच त्यांना सुचेना.

“आगं, मी भाव बघत हुतो. आपली पोरगी बी त्यातच बसलीया, हे डोस्क्यात आलंच न्हाय.”

बसम्मानं पुडा त्यांच्या हातातनं काढून घेतला.

“आन् भाव पडल्यावर यार्डातलं ते बसलेलं हमाल कुठं जात्यात, हे तरी कधी बघितलंसा का?”