पंचवीस पिल्लं, एक बाळ

"कोपरा ठेवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "थंडी वाजली की सगळी कोपऱ्यात धावतात, एकमेकांवर चढतात. तळाशी सापडलेलं गुदमरतं मग."

सुनेने पुठ्ठ्याची लांब पट्टी वाकवून दोन्ही टोकं जोडली. मागच्या खोलीत फरशीवर गोल कडं उभं राहिलं. आत भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र. वर छताच्या कडीला साखळीने टांगलेला बल्ब. पाण्याच्या ताटलीत सासूबाईंनी गोटे मांडले, कुणी बुडायला नको म्हणून.

"वाकू नकोस गं! त्या स्टुलावर बस. बाळंत होऊन आठ दिवस तर झालेत."

कोंबडीची पिल्लं दीड महिन्यापूर्वी सांगून ठेवली होती. ती आज सकाळी अगदी वेळेवर आली. बाळ मात्र दिवस भरायच्या दोन महिने आधीच आलं होतं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. भेट दिवसातून एकदाच, चार वाजता. काल नर्सने पहिल्यांदा पेटीची गोल खिडकी उघडून दिली. सुनेने नुकतेच धुतलेले हात आत घातले. बोट पायाला लागलं मात्र, एवढासा जीव अख्खा दचकला. "गार आहेत हो हात तुमचे," नर्स म्हणाली. "आज राहू दे. उद्या बघू."

सासूबाई खोक्यातून एकेक पिल्लू काढत, त्याची चोच पाण्यात बुडवत आणि कड्यात सोडत. "हे बघा पाणी. तो बल्ब म्हणजे तुमची आई. भांडायचं नाही." मधूनच भजनाची एक ओळ गुणगुणत. पुढची ओळ काही आज येत नव्हती. परत पहिलीच.

सुनेने साखळी दोन कड्यांनी खाली घेतली. पिल्लं बल्बपासून लांब पळाली, पुठ्ठ्याला चिकटून उभी राहिली, चोची उघड्या.

"अगं, ऊब द्यायची आहे, भाजायची नाहीत. घे वर."

"थंडी वाजली तर त्यांना?"

"त्यांनाच विचार. बल्बखाली दाटी केली तर थंडी, लांब पळाली तर उकाडा. कुठेही पसरून झोपली की समजायचं, जमलं."

सुनेने साखळी वर घेतली. थोड्या वेळाने पिल्लं परतली, इकडे तिकडे पांगली, टोचू लागली. एक तर चालता चालताच पेंगलं.

"दवाखान्यात पण असंच बघत बसायचं, काचेतून," सून म्हणाली. "पण आपली पोर काही सांगत नाही."

सासूबाईंनी वर्तमानपत्र सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

"त्या पेटीची काळजी घ्यायला तो वर बसलाय. आणि नर्स आहे. तू हातांचं बघ. साबणाने धुतलेस की लगेच आत घालायचे नाहीत. काखेत धर. शंभरपर्यंत मोज."

"आज परत दचकली तर?"

"तर उद्या परत जाऊ."

सुनेने दोन्ही हात कड्यात घातले आणि ओंजळ करून बल्बखाली धरली. तिला बराच वेळ तसंच बसायचं होतं. "हाताळायची नाहीत फार," असं सासूबाई सकाळपासून चारदा म्हणाल्या होत्या. आता एक पिल्लू येऊन ओंजळीत चढलं, गोल फिरलं, पोट टेकून बसलं. डोळ्यांवर पापणी खालून वर आली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या खोक्याची दोरी गुंडाळत राहिल्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"चल, आला तुझा नवरा. साडेतीन झाले."

सून उठली नाही. सकाळपासून चार वाजायची वाट बघणारी ती, पण हात हलवेना.

"आई, झोपलंय हो हे. खाली ठेवलं तर दचकेल."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकत कड्याशी बसल्या. आपले तळवे त्यांनी एकमेकांवर खसाखसा चोळले, बल्बखाली धरले, परत चोळले. मग तिच्या ओंजळीशेजारी स्वतःची ओंजळ आणली.

"दे इकडे. पण आधी हात लावून बघ, माझे पुरेसे ऊन आहेत का."