ओलं सारवण

खंडाळ्याच्या घाटात मोटार उलटली, उजवा पाय मोडला आणि दिगंबरपंत लोणावळ्याच्या एका लॉजवर विश्रांतीला येऊन पडले. टाकव्याच्या कोंडाजी हाडवैद्यानं पाय बोटांसकट फडक्यात गुंडाळून बांबूच्या कामट्यांत करकचून बांधला होता. खाटेवरून उठायची सोय नव्हती.

सावित्राबाई सकाळी लॉजचं अंगण शेणानं सारवून जायची आणि थोड्या वेळानं येऊन कुरकुरायची, "साहेब, सारवण वाळू तरी द्यावं. ओल्यात लंगडी कशापायी घालता?"

दिगंबरपंतांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी खाट खिडकीशी सरकवून घेतली. ओल्या सारवणात पावलं होती, फाटकापर्यंत जाणारी आणि परत येणारी. सगळी एकाच पायाची, आणि तो पाय उजवा. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, अगदी त्यांच्यासारखं.

ही बाईच ठसे उठवते, अशी त्यांची खात्री झाली. पण तिनं त्यांचा पाय उघडा पाहिला होता कधी?

आज कामट्या सोडायला कोंडाजी आला. सावित्राबाई दारातच थबकली आणि कोंडाजीला म्हणाली,

"आबा, आज जातानाचीच पावलं हायेत. परतीची न्हाईत."

दिगंबरपंतांनी फडक्यातली बोटं हलवून पाहिली. हलली की नाही, कळेना.

"कोंडाजी, आज राहू दे. उद्या सोड."

कोंडाजीनं गाठीला हात लावला नाही. बांधलेला पाय त्यानं तळहातावर उचलून धरला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो लय हलका लागतोय."