दर्भाचा कावळा

हेरंबने चाचणीचं विमान नदीकाठच्या वाळूत सरळ खाली उतरवलं. धावपट्टी नको, अंगणाएवढी जागा पुरे. यापायीच तर त्याची सगळी वर्षं गेली होती. "एवढं उडू दे, मग थेट दारापुढेच उतरतो," असं तो वडिलांना, अण्णांना, फोनवर सांगायचा.

धूळ बसली तेव्हा समोर घाटावर अण्णांच्या दहाव्याचे पिंड वाळूने माखले होते आणि पिंपळावर एकही कावळा उरला नव्हता.

"एक तर पिंडाकडे येतच होता रे," वत्सलाआत्या डोळे चोळत म्हणाली.

नवे पिंड मांडले. ऊन चढलं. अण्णांचा जीव कशात अडकला असेल म्हणून थोरल्या भावाने शेत न विकण्याचा शब्द दिला, वहिनीने आईला सांभाळण्याचा. तरी कावळा फिरकेना. मग सगळे हेरंबकडे बघू लागले. "आलोय, अण्णा," एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण इंधनाचा वास मारणाऱ्या त्या कपड्यांत तो घाटाच्या खालच्या पायरीवरच थांबला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला.

"खरा येत नाही म्हटल्यावर असंच भागवायचं," आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली. "शेवटी अण्णालाही आम्ही तुझा फोटोच दाखवला."