खडूची भुकटी

"अहो बाई, प्लास्टिक वितळलं की वाहणारच! त्याला काय आमंत्रण द्यायचं?" यंत्रासमोर उभे राहून कारखान्याचे मालक म्हणाले.

तपासणी विभागाच्या बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. देव अक्कल वाटत होता तेव्हा हे गृहस्थ बहुधा भाव करत बसले असावेत.

इस्पितळाची ऑर्डर होती. रुग्णांना अंघोळीला बसायच्या खुर्च्या. मालकांनी प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी दुप्पट करायला लावली होती. स्वस्त पडते ना! बाई आठवडाभर घसा कोरडा करत होत्या. थोडी भुकटी चांगली, खुर्ची ताठ होते. फार झाली की वितळलेला माल चिखलासारखा जड होतो. साच्यात दोन बाजूंनी आलेले ओघ पायापाशी एकमेकांना भेटेपर्यंत गार होतात. नीट मिसळत नाहीत. खुर्ची दिसते छान, पण बसलं की तिथेच मोडते.

एकदा तर त्यांनी मालकांच्या टेबलावर पेलाभर डिंकात भुकटी कालवून दाखवली. चमचा फिरेना. शेवटी तो पेल्यात उभाच राहिला.

"बघा, उभा राहिला!" मालक खूश झाले. "मजबुती आली की!"

आताही ते तसेच हसत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"काय, आईला इस्पितळातून घरी सोडलं? बरं झालं. अंघोळीला खुर्ची? पाठवतो लगेच."

बाईंनी जवळची, नुकतीच साच्यातून निघालेली खुर्ची उचलून पुढे केली.

"ही नको, ही नको!" मालक दोन पावलं मागे सरले. "गोदामात भुकटी वाढवायच्या आधीची एखादी असेल, ती काढा. आणि पायापाशी उजेडात धरून बघा, ओघ नीट मिसळलेत ना."

बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मग त्यांनी यंत्राचं लाल बटण दाबलं. धडधड थांबली. तिथूनच त्यांनी इस्पितळाला फोन लावला.

"आमच्या खुर्च्या आल्या तर उतरवून घेऊ नका. पाय मोडतील."

मालक लालबुंद झाले. "उद्यापासून कामावर यायचं नाही! चालत्या व्हा!"

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"माफ करा हं, साहेब. आठवडाभर मी तुम्हाला नुसते मठ्ठ समजत होते."